त्रेचाळिसावें घर

सेंट पीटर्सबर्ग येथील विश्वविद्यालयांत दिमित्री मेंडेलीव्ह नांवाचे रसायनशास्त्राचे अध्यापक होते. इ. स. १८६९ मध्यें त्यांनीं त्या काळीं ठाऊक असलेलीं साठांवर मूलद्रव्यें अणुभाराच्या क्रमानें मांडून एक कोष्टक तयार केलें. सारख्या गुणधर्मांचीं मूलद्रव्यें एकाखालीं एक यावीं, अशी त्या कोष्टकाची रचना होती. परंतु ती साधावयाची तर मधूनमधून कांहीं घरें रिकामीं सोडावीं लागत. एखाद्या सामान्य पंडितानें पुढचीं मूलद्रव्यें मागें ओढून पोकळी बुजविली असती. मेंडेलीव्ह यांनीं घरें तशींच मोकळीं ठेविलीं. आणि १८७१ मध्यें त्या न सांपडलेल्या पदार्थांचे अणुभार व गुणधर्म आगाऊ लिहून ठेविले. ज्याचा जन्मच झालेला कोणीं पाहिला नाहीं, त्याची पत्रिका मांडण्यासारखें हें साहस होतें.

नांव नसलेल्या वस्तूस हांक कशी मारावी, हा प्रश्न त्यांनीं ज्या रीतीनें सोडविला, ती संस्कृतज्ञांस मोठी कौतुकाची वाटेल. त्यांनीं ‘एक’, ‘द्वि’, ‘त्रि’ हे आपले संख्यावाचक शब्द घेतले व ज्ञात मूलद्रव्याच्या नांवामागें जोडले. अ‍ॅल्युमिनियमच्या खालचें पहिलें रिकामें घर तें ‘एक-अ‍ॅल्युमिनियम’, सिलिकॉनच्या खालचें ‘एक-सिलिकॉन’, बोरॉनच्या खालचें ‘एक-बोरॉन’. १८७५ मध्यें गॅलियम, १८७९ मध्यें स्कँडियम व १८८६ मध्यें जर्मेनियम सांपडून हीं तीन्ही भाकितें खरीं ठरलीं. पाणिनीचे संपादक ओटो बोटलिंक हे त्याच नगरांत मेंडेलीव्ह यांचे समकालीन. तेव्हां वर्णमालेच्या व्यवस्थेचा कांहीं संस्कार या कोष्टकावर झाला असावा, असा तर्क अलीकडे कांहीं विद्वान करितात. हा तर्क मनोहर आहे. पण तर्क तो तर्कच. ‘एक’ हा शब्द तेथपर्यंत पोंचला, एवढें निश्चित आहे, आणि तेवढ्यावर संतोष मानावा. अष्टाध्यायींतून अणुशास्त्र काढूं पाहणाऱ्यांच्या पंक्तीस बसण्याची आमची इच्छा नाहीं.

मँगॅनीजच्या खालीं लागोपाठ दोन घरें मोकळीं होतीं: एक-मँगॅनीज आणि द्वि-मँगॅनीज. पहिल्याचा अणुभार सुमारें १०० असावा, असें मेंडेलीव्ह यांनीं लिहिलें होतें. पुढें १९१३ मध्यें मोसली यांनीं क्ष-किरणांच्या साह्यानें प्रत्येक मूलद्रव्याचा क्रमांक ठरविण्याची युक्ति शोधली, तेव्हां या दोन घरांस ४३ व ७५ हे क्रमांक मिळाले. आजचें प्रकरण त्यांपैकीं त्रेचाळिसाव्या घराचें आहे.

या घरावर हक्क सांगणारे थोडे झाले नाहींत. जपानच्या ओगावा यांनीं १९०८ मध्यें आपल्याला तें मूलद्रव्य मिळाल्याचें जाहीर करून त्यास ‘निप्पोनियम’ असें नांव दिलें. त्यांच्या हातीं लागलेला पदार्थ वस्तुतः पंचाहत्तराव्या घराचा असावा, असें आतां मानितात. १९२५ मध्यें जर्मनींत वाल्टर नोडाक, इडा टाके व ओटो बेर्ग या तिघांनीं दोन्ही घरें एकदम भरल्याचें कळविलें. पैकीं ७५ क्रमांकाचें ऱ्हेनियम निर्विवाद ठरलें. ४३ क्रमांकाचें ‘मसूरियम’ मात्र दुसऱ्या कोणासही पुन्हां दिसेना, व हळूहळू तें नांव ग्रंथांतून नाहीसें झालें. (याच इडाबाईंनीं १९३४ मध्यें युरेनियमचा अणु दुभंगत असावा अशी शंका लिहून प्रसिद्ध केली होती, तिकडे कोणीं लक्ष दिलें नाहीं, ही गोष्ट निराळी.)

लोखंड, तांबें, जस्त यांच्यासारखीं मूलद्रव्यें दोन्ही अंगांस विपुल असतां मधलेंच एक घर ओस पडावें, याचें कारण काय? तें समजून घेण्यासारखें आहे.

प्रत्येक अणूच्या गर्भांत प्रोटॉन व न्यूट्रॉन असे दोन प्रकारचे कण असतात. प्रोटॉनांची संख्या म्हणजे घराचा क्रमांक. दोहोंची मिळून होणारी बेरीज म्हणजे त्या अणूचा भारांक. एकाच घरांत निरनिराळ्या भारांकाचे अणु नांदतात, त्यांस समस्थानिक म्हणतात. आतां ऑस्ट्रियाच्या जोसेफ माटाउख यांनीं १९३४ मध्यें असा नियम सांगितला कीं, लगतच्या दोन घरांत एकाच भारांकाचे अणु असतील तर ते दोन्ही स्थिर राहूं शकत नाहींत. त्यांतील एकानें आपलें रूप टाकून दुसऱ्याचें घेतलेंच पाहिजे. सगोत्र विवाहाचा निषेध आमच्या वाचकांस परिचित आहे; हा निषेध त्याहून कडक, कारण यास प्रायश्चित्त नाहीं. त्रेचाळिसाच्या एका अंगास ४२ वें घर मॉलिब्डेनमचें, दुसऱ्या अंगास ४४ वें रुथेनियमचें. मॉलिब्डेनमनें ९४, ९५, ९६, ९७, ९८ व १०० हे भारांक स्थिरपणें व्यापिले आहेत. रुथेनियमनें ९६ आणि ९८ पासून १०२ पर्यंतचे सर्व. मधल्या धाकट्याला जेथें म्हणून बैठक मारतां आली असती, तेथें तेथें एखादा शेजारी आधींच बसलेला. भाऊबंदकीचा याहून पक्का दाखला खतावणींतही मिळणार नाहीं.

म्हणून या मूलद्रव्याचा एकही समस्थानिक स्थिर नाहीं. त्यांतल्या त्यांत दीर्घायुषी ते ९७ व ९८ भारांकाचे. त्यांचें अर्धायुष्य सुमारें ४२ लक्ष वर्षांचें. अर्धायुष्य म्हणजे जेवढ्या काळांत जवळचा सांठा निम्मा होतो तो काळ. ४२ लक्ष वर्षें ही माणसाच्या मानानें मोठी मुदत. परंतु पृथ्वीचें वय ४५४ कोटी वर्षांचें आहे, म्हणजे अशीं हजारांवर अर्धायुष्यें उलटून गेलीं. बुद्धिबळाच्या पटावरील गव्हाच्या दाण्यांची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. तेथें प्रत्येक घरांत दाणे दुप्पट होतात. येथें उलट निम्मे होतात. कल्पना करा कीं आरंभीं ही सर्व पृथ्वी, डोंगर-समुद्रांसह, केवळ याच धातूची होती. तरीही सुमारें १७० वेळां निम्मी होतांच शेवटचा एक अणु उरला असता. म्हणजे ७०-७२ कोटी वर्षांतच सगळा कारभार आटोपला असता. खाणींतून हा धातु शोधणाऱ्यांचे श्रम कां फुकट गेले, तें यावरून कळेल.

तो अखेर जन्मास आला तो १९३७ मध्यें, आणि तोही टाकून दिलेल्या पत्र्यांतून. अमेरिकेंत बर्कले येथें अर्नेस्ट लॉरेन्स यांचें सायक्लोट्रॉन नांवाचें यंत्र होतें. त्यांत जड हायड्रोजनच्या अणुगर्भांस प्रचंड वेग देत असत, व त्यांच्या वाटेंत मॉलिब्डेनमचा एक पत्रा महिनेंमहिने तो मार खात असे. सिसिली बेटावरील पालेर्मोचे तरुण अध्यापक एमिलिओ सेग्रे यांनीं तो निकामी झालेला पत्रा मागून घेतला. लॉरेन्स यांनीं तो टपालानें पाठविला. सेग्रे व त्यांचे सहकारी कार्लो पेरिए यांनीं त्याचें रासायनिक पृथक्करण केलें, आणि त्यांत ४३ क्रमांकाचें मूलद्रव्य अत्यल्प प्रमाणांत, डोळ्यांस न दिसणारें, केवळ किरणोत्सर्गावरून ओळखूं येणारें असें सांपडलें. पुढील वर्षीं इटलीच्या वंशविषयक कायद्यांमुळें ज्यू सेग्रे यांची अध्यापकी गेली. तेव्हां ते बर्कलेसच होते, व तेथेंच ग्लेन सीबोर्ग यांच्यासह त्यांनीं याच मूलद्रव्याचें आणखी एक रूप शोधिलें. त्या दुसऱ्या शोधाकडे आम्ही पुढें येणारच आहों.

मनुष्यानें स्वतः घडविलेलें हें पहिलें मूलद्रव्य. म्हणून १९४७ मध्यें त्याचें नांव ‘कृत्रिम’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून टेक्नेशियम असें ठेवण्यांत आलें. आपला ‘कृत्रिम’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. ‘कृ’ धातूस क्त्रि प्रत्यय लागून त्यावर मप् चढतो, व अर्थ होतो ‘करण्यानें निष्पन्न झालेलें’. खोटें किंवा बनावट हा अर्थ त्यास मागाहून चिकटला. टेक्नेशियम मुळींच खोटें नाहीं. करण्यानें निष्पन्न झालेलें आहे, इतकेंच. धातूपासून शब्द करावा तसा धातूपासून धातु केला!

आतां याचे गुणधर्म. पुंजक्यानें मिळेल तेव्हां हा धातु चांदीसारखा करडा-पांढरा दिसतो. ओलसर हवेंत सावकाश काळवंडतो. त्याचे स्फटिक षट्कोनी रचनेचे. पाण्याच्या साडेअकरा पट जड, म्हणजे शिशाहून किंचित अधिक. वितळावयास २१५७ अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. लोखंड १५३८ अंशांवरच पातळ होतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्याचा चिवटपणा कळेल. निरपेक्ष शून्याच्या वर सात-आठ अंशांइतकें थंड केलें असतां त्याचा विजेस होणारा विरोध समूळ नाहीसा होतो. नायट्रिक आम्लांत व अम्लराजांत तो विरघळतो, हायड्रोक्लोरिक आम्लास दाद देत नाहीं. त्याची पूड प्राणवायूंत जळते, व पिवळें असें एक ऑक्साइड तयार होतें. हें ऑक्साइड १२० अंशांच्या आंतच वितळतें व सहज उडून जातें. ही उडून जाण्याची खोड वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, तिचें काम शेवटीं पडेल.

हा मँगॅनीजच्या खालचा म्हणून मँगॅनीजसारखा असेल असें वाटावें. पण तो बऱ्याच अंशीं खालच्या ऱ्हेनियमच्या वळणावर गेला आहे. एक उदाहरण पुरे. पटकीच्या दिवसांत विहिरींत टाकावयाचें जांभळें पोटॅशियम परमँगनेट जुन्या मंडळींच्या स्मरणांत असेलच. चिमूटभर टाकतांच घागरभर पाणी रंगतें, आणि तें औषध इतकें उग्र कीं जंतूंचा निकाल लावतें. टेक्नेशियमचें तशाच घडणीचें लवण म्हणजे परटेक्नेटेट. तें पाण्यांत टाकलें तर पाणी निर्मळच राहतें, आणि त्याचा स्वभावही सौम्य. आणखी एक चमत्कारिक गुण त्याच्या अंगीं आहे: दहा लक्ष भाग पाण्यांत अवघे ५५ भाग मिसळले असतां त्या पाण्यांतील पोलाद २५० अंशांच्या उष्णतेंतही गंजत नाहीं. आमच्या ओझरास विमानांचा कारखाना असल्यानें गंजाशीं चाललेलें युद्ध येथें पुष्कळांच्या पोटापाण्याचा विषय आहे. परंतु हें औषध कोणी वापरणार नाहीं, कारण तें स्वतः किरणोत्सर्गी आहे.

पृथ्वीवरून जो लोपला तो आकाशांत मात्र सांपडला. १९५२ मध्यें पॉल मेरिल या ज्योतिर्विदांनीं कांहीं तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या वर्णपटांत टेक्नेशियमच्या रेषा ओळखल्या. त्यांतील एक तारा आपल्या देवयानी नक्षत्रांतला आहे. त्या ताऱ्यांचें वय कोट्यवधि वर्षांचें, आणि हा पदार्थ तर लाखांच्या हिशेबांत विरणारा. तेव्हां तो ताऱ्याच्या पोटांत नुकताच, किंबहुना आजही, तयार होत असला पाहिजे. मूलद्रव्यें ताऱ्यांच्या भट्टींत शिजतात या मतास याहून उघड पुरावा मिळणें कठीण होतें. त्या मताची सविस्तर मांडणी १९५७ मध्यें बर्बिज दांपत्य, फाउलर व हॉयल यांनीं केली. हॉयल म्हणजे आपले डॉ. जयंत नारळीकर यांचे केंब्रिजमधील गुरु. पुढें युरेनियमच्या खनिजांतही टेक्नेशियमचा अत्यंत सूक्ष्म अंश मिळाला, कारण युरेनियमचा अणु क्वचित् आपोआप दुभंगतो व त्याच्या तुकड्यांत हा असतो. पण किलोभर खनिजांत ग्रॅमचा अब्जांशही भरत नाहीं.

इतकें सर्व वाचून ‘मग आम्हांस त्याचें काय?’ असें कोणी विचारील. त्याचें उत्तर एका वाचकभगिनींच्या पत्रांतच आम्हांस मिळालें. त्यांच्या सासूबाईंचें पूर्वीं शस्त्रकर्म झालें होतें. कंबरदुखी थांबेना, म्हणून डॉक्टरांनीं नाशिकच्या एका रुग्णालयांत हाडांचें चित्र काढविलें, ज्याला बोन स्कॅन म्हणतात. सुई टोचली, तींत ‘किरणोत्सर्गी औषध’ होतें, हें घरीं कळलें. आणि त्या दिवसापासून वृद्धेची थाळी निराळी, अंथरूण निराळें, तीन वर्षांच्या नातवाला आठ दिवस मांडीवर बसूं दिलें नाहीं. चित्रांत चिंतेसारखें कांहीं निघालें नाहीं. पण त्या आठ दिवसांत म्हातारीनें जेवण टाकलें. ‘आम्ही केलें तें बरोबर कीं चूक?’ असें त्या विचारतात.

त्या सुईंत होतें तें टेक्नेशियमच. सेग्रे व सीबोर्ग यांनीं १९३८ मध्यें शोधिलेलें ९९ भारांकाचें अर्धस्थिर रूप. त्याच्या गर्भांत थोडीशी अधिक शक्ति कोंडलेली असते. ती गॅमा किरणाच्या रूपानें बाहेर टाकून तें शांत होतें. अर्धायुष्य सहा तासांचें. किरणांची शक्ति अशी नेमकी कीं ते शरीराबाहेर पडून गॅमा कॅमेऱ्यास दिसतात, आणि जाळणारे बीटा कण जवळजवळ नसल्यामुळें अंगास इजा अल्प. ज्यानें तपासावें, कळवावें व निघून जावें असा दूत पाहिजे असेल तर याहून चांगला सांपडणार नाहीं. जगांत दरवर्षीं असल्या कोट्यवधि तपासण्या होतात.

येथें त्याच्या रसायनाचा उपयोग होतो. नुसतें परटेक्नेटेट शिरेंत दिलें तर गळ्यांतील थायरॉइड ग्रंथि त्याला आयोडीन समजून ओढून घेते, कारण आकारानें व विद्युद्भारानें दोघे सारखे. अशा रीतीनें त्या ग्रंथीचें चित्र मिळतें. हाडांचें चित्र पाहिजे असेल तर कथिलाच्या लवणानें आधीं त्याचा ऑक्सिडीकृत जोर उतरवितात व फॉस्फरसयुक्त एका संयुगास बांधून देतात. हाडांत जेथें नवी घडण चालली असेल तेथें तें जाऊन बसतें. म्हणून टोंचल्यावर दोन-तीन तास थांबावें लागतें व पाणी भरपूर प्यावें लागतें, म्हणजे हाडांत न बसलेलें औषध लघवीवाटे निघून जातें. हृदयासाठीं, मूत्रपिंडासाठीं निरनिराळीं वाहनें आहेत. आंत बसणारा तोच.

सहा तासांत निम्मा होणारा पदार्थ गांवोगांव पोंचवावा कसा? नवी मुंबईंत वाशीहून निघालेली गाडी कसारा घांट चढून नाशिकास येईपर्यंत चार-पांच तास सहज जातात. म्हणजे दहांतील चार भाग वाटेंतच नष्ट. गुवाहाटीचें तर नांवच नको. यावर तोड अमेरिकेंतील ब्रुकहेव्हन येथें १९५८ मध्यें टकर व ग्रीन यांनीं काढली. मुलाला पाठविण्याऐवजीं त्याच्या आईला पाठवावें. टेक्नेशियमची आई म्हणजे किरणोत्सर्गी मॉलिब्डेनम. तिचें अर्धायुष्य ६६ तासांचें. शिशाच्या जाड भांड्यांत एक लहानशी नळी असते. तींत अ‍ॅल्युमिना, म्हणजे माणीक ज्या द्रव्याचें बनतें त्याचीच पूड, भरलेली. मॉलिब्डेनमच्या लवणावर दोन विद्युद्भार, म्हणून तें त्या पुडीस घट्ट धरून राहतें. परटेक्नेटेटवर एकच, म्हणून तें सैल. वरून मिठाचें निर्जंतुक पाणी सोडलें कीं टेक्नेशियम तेवढें धुऊन खालीं येतें. दुसऱ्या दिवशीं सकाळपर्यंत आईनें पुन्हां नवें बाळ तयार केलेलें असतें. या यंत्राला सर्व जगांतले तंत्रज्ञ ‘गाय’ म्हणतात, व त्या क्रियेला धार काढणें. दूध काढल्यावर त्यांत आईचा अंश तर उतरला नाहीं ना, हें मोजून पाहिल्याशिवाय तें रुग्णास देत नाहींत.

आपल्याकडे या विद्येचें मूळ स्थान तुर्भें, म्हणजेच ट्रॉम्बे. तेथें आशियांतील पहिल्या अणुभट्ट्यांपैकीं ‘अप्सरा’ १९५६ मध्यें सुरू झाली, ‘सायरस’ १९६० मध्यें, व १०० मेगावॅटची ‘ध्रुव’ १९८५ मध्यें. ट्रॉम्बे म्हटलें कीं लोकांस १९७४ चें पोखरण व प्लुटोनियम आठवतें. तेंही कृत्रिम मूलद्रव्यच. पण त्याच भट्ट्यांतून रुग्णांसाठीं समस्थानिकही निघत आले, याची चर्चा कमी होते. परळ येथें १९६३ मध्यें रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन झालें, आणि समस्थानिकांचा पुरवठा करण्यासाठीं १९८९ पासून ‘ब्रिट’ ही सरकारी संस्था वाशी येथें काम करीत आहे. पाश्चात्य देशांत आई-मॉलिब्डेनम युरेनियमच्या तुकड्यांतून वेगळें काढीत. आपल्याकडे पुष्कळ वर्षें साधें मॉलिब्डेनमच भट्टींत ठेवून किरणोत्सर्गी केलें जाई. तें स्वस्त व निर्वेध, पण त्यांत जागृत अणु फार थोडे. लहान नळींत तें सामावेना. म्हणून मेथिल एथिल कीटोन या द्रवानें टेक्नेशियम शोषून घ्यावयाचें, द्रव उडवून द्यावयाचा, व मागें राहिलेलें मिठाच्या पाण्यांत घ्यावयाचें, अशी कष्टाची रीत रुग्णालयांतून चाले. नंतर जेलची व नळीची अशीं दोन्ही साधनें येथेंच होऊं लागलीं.

ही स्वतःची सोय असणें किती महत्त्वाचें, तें २००९ सालीं दिसलें. कॅनडांतील चॉक रिव्हर येथील जुनाट भट्टी गळूं लागली म्हणून मे २००९ मध्यें बंद झाली, ती ऑगस्ट २०१० पर्यंत. त्यांतच हॉलंडमधील पेटेनची भट्टी दुरुस्तीसाठीं फेब्रुवारी ते सप्टेंबर २०१० बंद. या दोन भट्ट्यांवर जगाचा निम्म्याहून अधिक पुरवठा अवलंबून होता. धनाढ्य देशांतील रुग्णालयांस तपासण्या पुढें ढकलाव्या लागल्या. सांठा करून ठेवावा तर हा माल सांठत नाहीं. कोठारांत ठेवलेला गहू उंदीर खातात, हा स्वतःच स्वतःला खातो.

आतां त्या भगिनींच्या प्रश्नाचा हिशेब मांडूं. सहा तासांत निम्मा, म्हणजे एका दिवसांत सोळावा भाग, दोन दिवसांत २५६ वा. लघवीवाटे जाणारा भाग निराळा. आठ दिवस म्हणजे ३२ अर्धायुष्यें. आरंभीच्या चारशें कोटी भागांतील एक भागही तेव्हां राहत नाहीं. कोणी चिकित्सक विचारील कीं हें अर्धस्थिर रूप शांत झाल्यावर जें साधें टेक्नेशियम-९९ मागें राहतें, तें तर दोन लक्ष अकरा हजार वर्षें अर्धायुष्याचें, त्याचें काय? नेहमींच्या मात्रेंत या धातूचें वजन ग्रॅमच्या अब्जांशाच्या सुमारें चौपट असतें. त्याचे दर सेकंदास फुटणारे अणु दोन-तीन. गाईच्या दुधांत आधींपासून मिसळलेला त्याचा अंश धरला तरी फार तर दहाएक. आपल्या प्रत्येकाच्या अंगांत निसर्गतः जें पोटॅशियम आहे, त्याचे अणु दर सेकंदास चार हजारांवर फुटत असतात. तें पोटॅशियम सासूबाईंच्या अंगांत आहे तसें सुनेच्याही आहे. तपासणीचा एकंदर किरणभार सुमारें चार मिलिसीव्हर्ट. पृथ्वीवर राहण्याबद्दल प्रत्येकास वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतच असतात.

तेव्हां सावधगिरी पाहिजे ती अशी. ज्या स्त्रीस दिवस गेले असतील किंवा तशी शंका असेल, अथवा जी अंगावर पाजीत असेल, तिनें सुई टोंचण्यापूर्वींच डॉक्टरांस सांगावें. तपासणीच्या दिवशीं पाणी अधिक प्यावें, शौचकूपांत पाणी नीट सोडावें, हात स्वच्छ धुवावे, आणि तान्ह्या मुलास व गर्भवतीस त्या एका दिवसापुरतें फार वेळ बिलगून बसूं नये. रुग्णालयानें याहून निराळें कांहीं सांगितलें असेल तर तें पाळावें. निराळी थाळी व निराळें अंथरूण यांस कांहीं आधार नाहीं. हा विटाळ नव्हे. ज्यांनीं घरांतलें इतर सोवळें सोडून पुष्कळ वर्षें झालीं, त्यांनीं हें नवें सोवळें वृद्धेवर लादावें, हें आम्हांस चमत्कारिक वाटतें. नातवाला दुसऱ्या दिवशीं आजीच्या मांडीवर बसवावयास हरकत नव्हती. (थायरॉइडच्या रोगावर किरणोत्सर्गी आयोडीन देतात, त्याचे नियम मात्र वेगळे व कडक आहेत; दोहोंची गल्लत करूं नये. तसेंच आमच्याच निफाड तालुक्यांत लासलगांवीं २००२ पासून कोबाल्टच्या किरणांनीं कांदे-आंबे टिकविण्याचें केंद्र आहे. तेथील फळावर किरण पडतात, फळ किरणोत्सर्गी होत नाहीं.)

भिण्याजोगें टेक्नेशियम आहे, तें रुग्णाच्या अंगांत नसून अणुभट्टीच्या जळालेल्या इंधनांत आहे. युरेनियमचे शंभर अणु दुभंगले कीं सहांच्या सुमारास टेक्नेशियम-९९ निपजतें. म्हणून जो पदार्थ १९३७ मध्यें डोळ्यांस दिसत नव्हता, तो आज जगांत टनावारी सांचला आहे. त्याचे बीटा कण कांचेच्या भांड्यानेंही अडतात, पण परटेक्नेटेट मातीस चिकटत नाहीं. पाण्याबरोबर वाहत जातें. इंग्लंडांतील सेलाफील्ड येथून समुद्रांत सोडलेलें टेक्नेशियम १९९० नंतरच्या दशकांत आयरिश समुद्रांतील शेवंडांच्या अंगांत आढळलें व मोठा गवगवा झाला. आपल्याकडे तारापूर व ट्रॉम्बे येथें असला तीव्र अवशेष वितळलेल्या कांचेंत मुरवून पोलादी डब्यांत बंद करितात. कांच वितळविण्याच्या उष्णतेस टेक्नेशियमचें तें पिवळें ऑक्साइड उडूं पाहतें. त्याला कांचेंत धरून ठेवणें, हें जगांतल्या सर्वच अशा कारखान्यांपुढील एक अवघड काम आहे. दोन लक्ष वर्षांचा करार कांचेनें पाळावयाचा आहे.

असें दुसरें ओस घर एकसष्टावें. तेथील प्रोमेथियमची हकीगत पुढें केव्हां तरी.